बोरिंगचं पाणी आणि कमोडमधली तांबडी रेघ: घासण्याआधी काय बघायचं

इंदूरच्या बहुतेक घरांत दोन प्रकारचं पाणी येतं. एक नर्मदेचं, जलूदहून उपसून माळव्याच्या पठारावर चढवलेलं. दुसरं घराच्याच आवारातलं, बोरिंगचं. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. म्हणून ते स्वयंपाकघरासाठी राखायचं आणि धुणं, आंघोळ, फ्लश यांना बोरिंग जोडायचं, ही सोय इथे जुनीच आहे. तिचा परिणाम संडासातल्या पांढऱ्या भांड्यावर दिसतो. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, कुठल्याही मराठी घरात हा विषय काढा, तक्रार एकच असते: "रविवारी घासून लख्ख करते हो, बुधवारपर्यंत पुन्हा तांबडी रेघ हजर."

हे लिहितेय ते त्या "पुन्हा"साठी. गंजाचा डाग एकदा काढणं तसं अवघड नाही, योग्य वस्तू वापरली तर एका दुपारचं काम आहे. पण डाग परत येतो, याचा अर्थ लोह रोज कुठून तरी भांड्यात येतंय. ती जागा सापडेपर्यंत महिन्याला एक बाटली ओतत राहायचं आणि दर वेळी भांड्याची चकाकी थोडी थोडी घालवायची, एवढंच आपल्या हातून होतं. आणि ती जागा शोधायला प्लंबर लागत नाही. डागाचा आकारच बरंच काही सांगतो.

टॉर्च घेऊन नुसतं बघा

भांडं कोरडं असेल तेव्हा, म्हणजे घरातले सगळे बाहेर गेल्यावर किंवा पहाटे, मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. शक्य असेल तर छोटा आरसा कडेच्या खाली धरा.

मागच्या भिंतीवरून खाली उतरणारी एकच रेघ असेल, वर बारीक आणि खाली पसरलेली, तर फ्लशची टाकी गळते आहे असं जवळजवळ नक्की समजा. सुतासारखी धार दिवसभर त्याच वाटेने उतरते. तिच्या कडा सतत वाळतात, पुन्हा ओल्या होतात, आणि दर वेळी पाण्यातलं थोडं लोह आणि क्षार तिथेच राहतात. या एका कारणामुळे जितक्या घरांत वर्षानुवर्षं घासाघीस चालते, तितकी दुसऱ्या कुठल्याच कारणामुळे चालत नसेल. दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा एका रबरी वॉशरची असते.

कडेच्या खाली, प्रत्येक भोकापासून लहान लहान ओघळ निघाले असतील आणि सगळं भांडं सारखंच पिवळट-तांबूस झालं असेल, तर लोह पाण्यातच आहे. पाण्याच्या पातळीवर गोल कडं पडलं असेल आणि नखाने खरवडल्यावर ते खरखरीत लागत असेल, तर तो नुसता गंज नाही. तो क्षाराचा थर आहे आणि गंज त्यात अडकून बसला आहे. हा फरक पुढे फार कामाचा आहे, लक्षात ठेवा. डाग भांड्याच्या बाहेर, फरशीला धरणाऱ्या बोल्टभोवती किंवा टाकी आणि भांडं यांच्या जोडाजवळ असेल, तर साधे लोखंडी बोल्ट गंजले आहेत. पाण्याचा त्यात काही दोष नाही.

काळपट डाग असतील तर ते बहुधा मँगनीजचे. गुलाबी, बुळबुळीत पापुद्रा असेल तर ते जिवाणू आहेत, गंज नव्हे. साध्या साबणाने आणि ब्रशने तो निघतो, त्याच्यासाठी आम्ल आणायची गरज नाही.

आता टाकीचं झाकण उचला. ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात. आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. हाताला रेतीसारखा तांबडा गाळ लागला तर तो पाइपातून किंवा बोरिंगमधून येतो आहे. शेंदरी-तपकिरी, शेवाळासारखं बुळबुळीत काही लागलं तर ते लोहावर जगणारे जिवाणू. ते माणसाला आजारी पाडत नाहीत, पण एकदा टाकीत वस्ती केली की भांडं स्वच्छ राहू देत नाहीत. टाकीतला एखादा स्क्रू, दांडी किंवा बोल्ट गंजून फुगला असेल तर तोही इथेच दिसेल.

तीन सोप्या चाचण्या

गळतीची खात्री करायची असेल तर टाकीत कपड्यांच्या निळीचे थेंब टाका, चांगला गडद रंग येईपर्यंत. अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. भांड्यातल्या पाण्यात निळा रंग उतरला की टाकी गळते. याहूनही झटपट उपाय: भांड्याची मागची भिंत पुसून कोरडी करा आणि तिथे टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून ठेवा. वरून खाली ओला पट्टा उमटला तर उत्तर मिळालं.

दुसरी चाचणी बाटल्यांची. पारदर्शक, स्वच्छ धुतलेल्या तीन बाटल्या घ्या. एकीत नर्मदेचं पाणी, दुसरीत बोरिंगचं, तेही पंप चालू असताना गच्चीवरच्या टाकीत पडण्याआधीच पकडलेलं, आणि तिसरीत फ्लशच्या टाकीतलं. झाकणं न लावता रात्रभर खिडकीत ठेवा. बोरिंगचं पाणी भरताना काचेसारखं नितळ होतं आणि सकाळी पिवळसर होऊन तळाशी तांबूस साका बसला, तर त्यात विरघळलेलं लोह आहे. भरतानाच ते लालसर होतं, तर गंजाचे कण तयार स्वरूपातच येत आहेत. बोरिंगची बाटली सकाळीही नितळ आणि फ्लशच्या टाकीची तेवढी तांबूस, तर दोष मधल्या वाटेत आहे: गच्चीवरच्या टाकीत किंवा उतरणाऱ्या पाइपात.

तिसरी चाचणी तर काहीच खर्चाची नाही. घर चार दिवस बंद असेल तेव्हा परत आल्यावर पहिला फ्लश बघा. पहिलं पाणी लाल आणि नंतरचं स्वच्छ, हे जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचं लक्षण. जस्ताचा थर संपला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि उभ्या पाण्यात गंजत राहतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरांत हे फार सापडतं.

नेमका आकडा हवा असेल तर लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. लोह बघायचं आहे असं स्पष्ट सांगा आणि पाणी ताजं भरून लगेच पोचवा. बाटली घरात पडून राहिली तर लोह तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो.

नितळ पाणी लाल कसं होतं

माळव्याचं पठार लाव्हाच्या काळ्या पाषाणाचं आहे, आणि या पाषाणातल्या खनिजांत लोह असतं. खोलवरच्या पाण्याला हवा मिळत नाही, तेव्हा त्या लोहाचा विरघळणारा प्रकार पाण्यात उतरतो. त्याला रंग नसतो. पंपाने पाणी वर आलं, हवेतला ऑक्सिजन लागला, की तेच लोह न विरघळणाऱ्या प्रकारात बदलतं आणि तांबडा साका होऊन जिथे जागा मिळेल तिथे बसतं. कमोडमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा दिवसभर हवेला लागून असतो, म्हणून ते तिथे सगळ्यात आधी दिसतं. सगळ्याच बोरिंगमध्ये लोह जास्त असतं असं मात्र नाही. कित्येकदा खडकातून काहीच येत नाही, बोरिंगच्या भोकात आतून बसवलेला लोखंडी केसिंग पाइपच गंजत असतो.

डाग पडायला लोह फार लागतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पेयजल मार्गदर्शिकेनुसार लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपडे आणि भांडी डागाळू लागतात. समजा तुमच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम आहे. घरात दिवसाला १५ फ्लश, दर फ्लशला ६ लिटर, म्हणजे दिवसाला ९० मिलिग्रॅम आणि महिन्याला २.७ ग्रॅम लोह त्या एका भांड्यातून जातं. त्यातलं बरंचसं वाहून जातं, पण जे मागे राहतं तेवढ्याने पांढरं भांडं तपकिरी व्हायला पुरतं.

जे केल्याने डाग जास्त पक्का होतो

ब्लीच. सगळ्यात आधी हेच सांगायला हवं, कारण डाग दिसला की हात ब्लीचकडेच जातो. ब्लीचिंग पावडर किंवा पातळ ब्लीच जंतू मारतं, हळदीचा आणि चहाचा डाग घालवतं, पण गंजावर ते उलट काम करतं. पाण्यात अजून विरघळलेलं जे लोह आहे, त्याचंही ब्लीच झपाट्याने गंजात रूपांतर करतं. फ्लशच्या टाकीत टाकायच्या क्लोरीनवाल्या वड्यांचंही तेच. शिवाय त्यांच्याने टाकीतली रबरं कडक होतात, वॉशर नीट बसत नाही, टाकी गळू लागते आणि भांड्यावर नवी रेघ उमटते. बोरिंगचं पाणी असलेल्या घरात या वड्या वापरूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. सकाळी ब्लीच टाकलं असेल तर त्याच दिवशी दुसरं काही वापरू नका, मध्ये कितीही पाणी सोडलं असलं तरी. हा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत असला पाहिजे, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही.

तारेची घासणी. ती भांड्याच्या काचेसारख्या थरावर ओरखडे पाडते आणि तिचे बारीक लोखंडी तुकडे त्या ओरखड्यांत अडकतात. दोन दिवसांत तेच गंजतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फेस छान येतो, पण सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणी. नुसतं व्हिनेगर पातळ क्षारावर सावकाश चालतं, जुन्या गंजावर फारसं नाही. कोला ओतण्याचा सल्ला बरेच देतात. त्यात आम्ल असतं हे खरं, पण इतकं सौम्य की पैसे वाया.

आणि हातगाडीवर जुन्या बाटल्यांत मिळणारं सुटं अ‍ॅसिड. ते किती तीव्र आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, बाटलीवर काही लिहिलेलं नसतं, आणि त्याच्या वाफांनी बाथरूममधले नळ, बिजागऱ्या, कड्या सगळं गंजायला लागतं. भांड्याचा डाग घालवताना खोलीभर गंज पेरायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

डाग काढायची पद्धत

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडचं पाणी जड, कॅल्शियमने भरलेलं. भांड्यावर नुसता गंज क्वचितच असतो. क्षाराचा थर, त्यात गंज, त्यावर पुन्हा क्षार, असं ते साचत जातं. गंजावर सगळ्यात गुणकारी वस्तू म्हणजे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड: ते लोहाला धरून पाण्यात विरघळणारं संयुग बनवतं. पण तेच ऑक्झॅलिक कॅल्शियमला भेटलं तर पांढरी, न विरघळणारी भुकटी तयार होते आणि ती डागावर बसून राहते. त्यामुळे आधी क्षार काढायचा, भांडं नीट धुवायचं आणि मगच गंजाला हात घालायचा. "ऑक्झॅलिक वापरून बघितलं, काही झालं नाही" असं जे म्हणतात, त्यांच्याकडे बहुतेक हा क्रम चुकलेला असतो.

तयारी अशी. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, हातात जाड रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. मुलं आणि घरातला कुत्रा-मांजर बाहेर. आता फरशीकडे बघा. इंदुरात कोटा आणि संगमरवर दोन्ही भरपूर, आणि दोन्ही चुनखडीचे दगड. आम्लाचा एक थेंब पडला की तिथली चमक गेली आणि पांढुरका ठिपका कायमचा. म्हणून कमोडभोवतीची फरशी आधी पाण्याने ओली करा, वर प्लास्टिक पसरा आणि जवळ खाण्याच्या सोड्याची डबी ठेवा. थेंब उडालाच तर लगेच सोडा टाकून भरपूर पाण्याने धुवायचं.

टाकीकडे जाणारा कोपऱ्यातला नळ बंद करून एकदा फ्लश करा. भांड्यात उरलेलं पाणी ब्रशने आत ढकलून किंवा जुन्या मगाने काढून जितकं कमी करता येईल तितकं करा. ते तसंच ठेवून वरून काही ओतलं तर सगळं पातळ होऊन जातं आणि पाण्याखालचं कडं तसंच राहतं.

पहिली फेरी सायट्रिक अ‍ॅसिडची. किराणा दुकानात नींबू सत म्हणून मिळतं, सियागंजात घाऊक भावाने. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम. उकळतं पाणी घेऊ नका, थंड भांड्यात ते ओतलं तर चिनी माती तडकू शकते. आता उभ्या भिंतीवर आणि कडेच्या खाली नुसतं ओतलेलं पाणी टिकत नाही, लगेच घसरून जातं. त्यासाठी टिश्यू पेपरच्या जाड पट्ट्या किंवा जुन्या सुती साडीचे तुकडे या द्रावणात भिजवून डागावर चिकटवायचे, कडेच्या आत नीट दाबून बसवायचे. बाकीचं द्रावण खाली ओतायचं. दोन-तीन तास, थर जाड असेल तर रात्रभर. मग कापडाचे तुकडे काढून नायलॉनच्या ब्रशने घासा. थर मऊ झालेला असतो. जिथे अडतो तिथे जुन्या प्लास्टिक कार्डाची कड चालवा. कडेखालची भोकं बुजली असतील तर दात घासायच्या जुन्या ब्रशने मोकळी करा. ती मोकळी झाली की फ्लशचं पाणी पुन्हा सगळीकडून पडायला लागतं आणि पुढचे डागही कमी पडतात. नळ उघडून तीन-चार वेळा फ्लश करा.

बऱ्याच घरांत काम इथेच संपतं, कारण सायट्रिक गंजावरही थोडंफार चालतं. क्षार गेल्यावरही तांबडं काही उरलं, तर दुसरी फेरी. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पांढरी भुकटी रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फर्निचर आणि फरशीवाले वापरतात. पुन्हा पाण्याची पातळी कमी करा. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ३० ग्रॅम भुकटी हलक्या हाताने टाका, म्हणजे ती उडून नाकात जाणार नाही. तशाच पट्ट्या, तसंच दाबून. इथे रात्रभर ठेवायची गरज नाही, वीस ते तीस मिनिटांत तांबडा रंग फिका पडताना दिसतो. उरलं तर ताजं द्रावण करून आणखी एक फेरी. काळपट मँगनीजवरही हेच चालतं, सायट्रिक तिथे कमी पडतं. शेवटी भरपूर पाणी सोडा.

ऑक्झॅलिक विषारी आहे. ते दिसायला साखरेसारखं, मिठासारखं आणि नींबू सतासारखंही दिसतं, धोका नेमका तिथेच आहे. थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडाला इजा होते. लोणच्याच्या बरणीत, मसाल्याच्या डब्यात, स्वयंपाकघरात कुठेही ते ठेवायचं नाही. लागेल तेवढंच आणा, पुडीवर मोठ्या अक्षरांत "विष" लिहा आणि उरलं तर कुलपात ठेवा. कातडीला लागलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. कोणाच्या पोटात गेलं तर उलटी करवत बसू नका. पुडी बरोबर घ्या आणि थेट एमवाय किंवा जवळचं रुग्णालय गाठा. घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन, ही दुसरी फेरी सोडूनच द्या आणि सायट्रिक दोन-तीनदा करा. वेळ लागेल, पण जिवाला घोर नाही.

ज्यांना भुकट्यांच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांनी बाजारातलं तयार, निळं, हायड्रोक्लोरिक आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर घ्यावं. बाटलीवरच्या घटकांत ते लिहिलेलं असतं. ते क्षार आणि गंज दोन्ही विरघळवतं. पाण्याची पातळी कमी करून कडेखाली सगळीकडे फिरवायचं, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळायचा आणि दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही. फ्लशच्या टाकीत मात्र ते कधीच ओतू नका, आतला धातू खाऊन टाकतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे काम बहुतेक घरांत आपण करत नाही, मावशी करतात. बाटली त्यांच्या हातात दिली जाते, हातमोजे मात्र दिले जात नाहीत. ताई म्हणाल्या म्हणून त्या दार लावून, पदर नाकाला धरून घासत बसतात. आम्लाचं काम मावशींना सांगायचं असेल तर मोजे आणि चष्मा आपण विकत आणून द्यायचा, आदल्या दिवशी कोणी ब्लीच टाकलं होतं का ते त्यांना सांगायचं आणि काम चालू असताना आपण घरात थांबायचं. ऑक्झॅलिकची फेरी तर मी कुणावर सोपवणारच नाही.

आता मूळ बंद करा

टाकी गळत असेल तर नळ बंद करून टाकी रिकामी करा. सायफनचा भाग बहुतेक टाक्यांत हाताने फिरवून सुटतो. त्याच्या तळाशी रबरी वॉशर असतं. त्यावर क्षार बसला असेल तर सायट्रिकच्या पाण्यात भिजवून स्वच्छ करा. ते कडक किंवा वाकडं झालं असेल तर बदला, आणि नमुन्यासाठी जुनं वॉशर दुकानात बरोबर न्या. वॉशर चांगलं असूनही भांड्यात धार येत असेल तर मधल्या उभ्या नळीकडे बघा: पाणी तिच्या तोंडापर्यंत चढून आत सांडत असेल. तेव्हा बॉलकॉकचा फुगा खाली घ्यायचा, पाणी नळीच्या तोंडाच्या थोडं खाली थांबलं पाहिजे. भिंतीत बसवलेली टाकी असेल तरी बटणाची प्लेट काढून आत हात जातो, भिंत फोडायची गरज नसते.

बोल्ट गंजले असतील तर स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी घाला. काम दहा मिनिटांचं, पण प्लंबरला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो हाताशी असलेलेच लोखंडी लावून जातो.

जीआय पाइपाचा गंज बाहेरून घालवता येत नाही. निदान फ्लशकडे उतरणारी लाइन तरी सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिक पाइपाची करून घ्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण, शिडी, आतला एखादा जोड लोखंडी असेल तर तोही बघून घ्या.

पाण्यातच लोह असेल तर साधी सुरुवात गच्चीवरून करता येते. बोरिंगचं पाणी टाकीत एका धारेने न सोडता भोकं पाडलेल्या आडव्या नळीतून उंचावरून शिंपडल्यासारखं पडू द्या. हवा लागली की लोह तिथेच साका होऊन तळाशी बसतं. घराकडे उतरणारी नळी टाकीच्या तळापासून चार-सहा इंच वर असली पाहिजे आणि तळाला गाळ सोडायचं वेगळं तोंड हवं. तो गाळ नियमित सोडला तर फरक स्पष्ट दिसतो. एवढ्याने भागलं नाही तर मँगनीज डायऑक्साइडच्या माध्यमाचं, उलटं धुता येणारं लोह-फिल्टर बसवावं लागतं. विकणारे इथे बऱ्याचदा सॉफ्टनर गळ्यात मारतात. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार कमी करण्यासाठी आहे. लोह जास्त असेल तर त्याच्या आतले क्षार धरणारे दाणे, म्हणजे रेझिनच खराब होतं. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा हातात असल्याशिवाय काहीच विकत घेऊ नका. टाकीत बुळबुळीत जिवाणू सापडले असतील तर टाकी घासून धुवा आणि बोरिंगचं क्लोरीनीकरण जाणकाराकडून करून घ्या.

फ्लशची लाइन नर्मदेला जोडून टाकावी, असंही काही जण सुचवतात. डाग थांबतील, पण इतक्या लांबून, घाटाखालून उपसून, शुद्ध करून आणलेलं पाणी फ्लशमध्ये सोडणं मला योग्य वाटत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी फ्लशसाठी वापरता का? चांगलंच आहे, फक्त त्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे सायट्रिकची फेरी थोडी लवकर लवकर करावी लागेल.

मूळ बंद झाल्यावर नेमाने करायचं काम फार थोडं उरतं. आठवड्यातून एकदा रात्री झोपताना कडेखाली सायट्रिकचं पाणी फिरवायचं आणि सकाळी ब्रश मारून फ्लश करायचा. थर जमू दिला नाही की गंजाला धरायला जागा मिळत नाही. उरलेलं द्रावण भांड्यातच भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या. आम्लाच्या रिकाम्या बाटल्या आणि पुड्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीत घरातल्या घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे द्या. गाडीवरच्या माणसाच्या हाताला आम्ल लागता कामा नये.

सगळं करूनही एखादा भाग मळकट राहतो. पाणी पुसून त्यावर टॉर्च तिरका धरा. बाकीचं भांडं चमकतंय आणि तेवढाच भाग निस्तेज, बोटाला खरबरीत लागतोय, तर वरचा काचेसारखा थर तिथे झिजला आहे. वर्षानुवर्षं तारेने किंवा खरखरीत पावडरीने घासल्याचा तो परिणाम. कुठलंही आम्ल तो थर परत आणू शकत नाही, आणि वरून लावायचे रंग काही काळाने सोलून निघतात. तिथे डाग लवकर धरणारच. आठवड्याची फेरी दोनदा करून चालवून घ्या, किंवा भांडं बदला. बदलणार असाल तर टाकीची गळती, पाइप आणि बोल्ट यांचं काम आधी उरकून घ्या आणि नवं भांडं त्यानंतरच बसवा.